एक्सएमएल एडिटरमध्ये चित्रं सीएसएसने कशी दाखवायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणत्या एडिटरबद्दल आहे?

मुख्यतः ऑक्सिजन एक्सएमएल एडिटरच्या ऑथर मोडबद्दल. रोमानियातल्या क्रायोवा शहरातली सिंक्रो सॉफ्ट ही कंपनी तो बनवते, आणि डिटा किंवा डॉकबुक या एक्सएमएलच्या प्रकारांत मॅन्युअल लिहिणाऱ्या बऱ्याच टीम तो वापरतात. ऑथर मोडमध्ये टॅगांचं जंगल न दिसता मजकूर मांडलेल्या पानासारखा दिसतो. ही मांडणी पूर्णपणे सीएसएसवर, म्हणजे मांडणीचे नियम लिहिण्याच्या भाषेवर, चालते. एक्सएमएलमाइंडसारखे दुसरे एडिटरही सीएसएसच वापरतात. पण चित्रासाठी त्यांची स्वतःची वेगळी फंक्शन आहेत, त्यामुळे इथले नियम तिथे जसेच्या तसे चालणार नाहीत.

नियमांमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सीएसएस फाइलमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायची.

एचटीएमएलमध्ये चित्र आपोआप दिसतं. एक्सएमएलमध्ये एवढी खटपट का?

एचटीएमएलमधला आयएमजी टॅग म्हणजे चित्र, हे ब्राउझरला जन्मापासून ठाऊक असतं. एक्सएमएलमध्ये कुठल्याच टॅगला असा जन्मजात अर्थ नाही. डिटात टॅगचं नाव इमेज आणि पत्ता एचरेफमध्ये. डॉकबुकमध्ये इमेजडेटा आणि फाइलरेफ. टीईआयमध्ये (ग्रंथ व साहित्यासाठीचा प्रकार) ग्राफिक आणि यूआरएल. जॅट्समध्ये (शोधनिबंधांसाठीचा प्रकार) पुन्हा ग्राफिक, पण पत्ता एक्सलिंक नेमस्पेसमधल्या, म्हणजे नावांच्या वेगळ्या गटातल्या, एचरेफमध्ये. अमुक टॅग चित्राचा आहे आणि त्याचा पत्ता तमुक अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आहे, हे एडिटरला कुणीतरी सांगावं लागतं. ते काम सीएसएस करते.

डिटा, डॉकबुक, टीईआय यांच्यासाठी हे नियम ऑक्सिजनमध्ये तयारच येतात. स्वतःची स्कीमा, म्हणजे टॅगांची नियमावली, असेल तर ते आपण लिहायचे.

चित्र दिसण्यासाठी कमीत कमी काय लिहावं लागतं?

एकच ओळ. चित्राच्या एलिमेंटचा (टॅगचा) सिलेक्टर, म्हणजे नियम कुणाला लागेल हे सांगणारा भाग, घ्या आणि त्यात कंटेंट या प्रॉपर्टीला अ‍ॅट्र फंक्शन द्या. फंक्शनच्या कंसात दोन गोष्टी लागतात: पहिली अ‍ॅट्रिब्यूटचं नाव, दुसरी यूआरएल हा शब्द. हा दुसरा शब्द विसरला, तर चित्राऐवजी फाइलचं नाव मजकूर म्हणून उमटतं. नवीन माणसाची अडचण बहुतेक वेळा इथेच निघते.

चित्र स्वतंत्र ओळीवर हवं असेल तर सोबत डिस्प्लेला ब्लॉक द्या आणि डावीकडे थोडा मार्जिन सोडा.

जॅट्ससारख्या ठिकाणी अ‍ॅट्रिब्यूट नेमस्पेसमध्ये असतं. तेव्हा सीएसएसच्या सुरुवातीला अ‍ॅट-नेमस्पेस लिहून एक्सलिंकचा पत्ता घोषित करायचा, आणि मग प्रिफिक्स व एचरेफ यांच्यामध्ये उभी रेघ द्यायची. एक्सएमएलमध्ये तिथे कोलन असतो, सीएसएसमध्ये उभी रेघ असते. सवयीने कोलन पडला की तो नियम बाद होतो आणि एडिटर सहसा तक्रारही करत नाही.

जुन्या डीटीडींमध्ये (डीटीडी म्हणजे स्कीमाचा जुना प्रकार) पत्त्याऐवजी एंटिटीचं, म्हणजे फाइलसाठी आधी घोषित केलेलं, नाव असतं. त्यासाठी ऑक्सिजनमध्ये ऑक्सी अनपार्स्ड एंटिटी यूआरआय हे वेगळं फंक्शन आहे.

हाच नियम क्रोममध्ये का चालत नाही?

अ‍ॅट्र फंक्शनला यूआरएल हा प्रकार देण्याची सोय ब्राउझरमध्ये नाही. २०२५ मध्ये क्रोमच्या १३३ व्या आवृत्तीत अ‍ॅट्रला लांबी, रंग, आकडे असे प्रकार मिळाले, पण अ‍ॅट्रिब्यूटमधल्या मजकुरापासून पत्ता बनवण्याची वाट मुद्दाम बंद ठेवली आहे. त्याचं कारण सुरक्षेचं आहे. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये गुप्त टोकन असू शकतं, आणि कुणी बाहेरची सीएसएस घुसवली तर ते टोकन चित्राच्या पत्त्यात चिकटवून दुसऱ्याच सर्व्हरला पाठवता येईल. एडिटरमध्ये सीएसएस तुमचीच असते, म्हणून तिथे ही सोय आहे.

एक्सएमएल ब्राउझरमध्ये चित्रांसह दाखवायचंच असेल, तर आधी त्याचं एचटीएमएल करून घ्या.

मी नियम लिहिला, पण काहीच बदललं नाही. कुठे शोधू?

अंदाजाने सीएसएस बदलत बसू नका. चित्रावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट स्टाइल्स निवडा. सीएसएस इन्स्पेक्टर उघडतो आणि त्या एलिमेंटवर कोणत्या फाइलमधला कोणता नियम लागला, कोणता कापला गेला, हे दिसतं. तिथे तीन गोष्टी पाहा.

तुमचा नियम यादीतच नसेल, तर एकतर फाइल लोड झालेली नाही किंवा सिलेक्टर जुळत नाही. डिटात बहुतेक सिलेक्टर टॅगच्या नावावर नसून क्लास अ‍ॅट्रिब्यूटवर असतात, उदाहरणार्थ टॉपिक स्लॅश इमेज. हा क्लास तुम्ही टाइप केलेला नसतो, तो डीटीडी किंवा स्कीमातून आपोआप येतो. डीटीडी सापडली नाही तर क्लासही येत नाही, आणि एका फटक्यात सगळी मांडणी विस्कटते. फक्त चित्रच नाही तर शीर्षकं, याद्या, तक्तेही सपाट दिसत असतील, तर सीएसएस सोडा आणि फाइलच्या डोक्यावरची डॉकटाइपची ओळ तपासा.

नियम यादीत आहे पण कापलेला दिसतोय, तर दुसरा अधिक नेमका नियम त्याच्यावर बसला आहे. सिलेक्टर तितकाच नेमका करा. इम्पॉर्टंट लिहून काम भागतं, पण मग पुढच्या माणसालाही इम्पॉर्टंटच लिहावं लागतं. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते. चित्र खुद्द एलिमेंटवर आलं आहे की त्याच्या बिफोर या स्यूडो-एलिमेंटवर, म्हणजे एलिमेंटच्या मजकुराआधी सीएसएसने घातलेल्या भागावर, हे बघा. चित्र बिफोरवर आणि तुम्ही दिलेली रुंदी एलिमेंटवर, असं असेल तर रुंदी चित्राला लागणार नाही. कंटेंट जिथे आहे, तिथेच विड्थ आणि हाइट द्यायची.

माझी सीएसएस ठेवू कुठे? ऑक्सिजनच्या फोल्डरमधली फाइलच बदलली तर?

तसं करू नका. इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमधले बदल पुढच्या अपग्रेडला पुसले जातात, आणि काय बदललं होतं हे तोवर कुणालाच आठवत नसतं.

प्रेफरन्सेसमध्ये डॉक्युमेंट टाइप असोसिएशन या पानावर जा, डिटा किंवा जो प्रकार हवा तो निवडा आणि एक्स्टेंड करा. मूळ प्रकारातलं सगळं वारशाने मिळतं, आणि ऑथर टॅबमधल्या सीएसएसच्या यादीत तुमची फाइल शेवटी जोडता येते. तुमच्या फाइलमध्ये फक्त बदललेले नियम ठेवा, मूळ फाइलची नक्कल नको.

एक्सएमएल फाइलच्या वरच एक्सएमएल-स्टाइलशीट ही सूचना लिहून सीएसएस जोडता येते. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने ही पद्धत १९९९ मध्ये ठरवून दिली आहे आणि चाचणीसाठी ती सोयीची आहे. मात्र डॉक्युमेंट टाइपच्या त्याच सीएसएस टॅबमध्ये एक निवड असते: दस्तऐवजात सीएसएस दिली असेल तर मूळ सीएसएस दुर्लक्षित करायची, की दोन्ही एकत्र करायच्या. पहिला पर्याय निवडलेला असेल तर तुमच्या पाच ओळी लागतात आणि बाकीची सगळी मांडणी नाहीशी होते. बघणाऱ्याला वाटतं एडिटर बिघडला.

सीएसएस ब्राउझरमध्येही वापरली जाणार असेल, तर एडिटरपुरते नियम अ‍ॅट-मीडिया ऑक्सिजन या गटात टाका.

एक चित्र अख्खा पडदा व्यापतं. त्याला आवरू कसं?

पंपाच्या मॅन्युअलमध्ये जोडणीचं रेखाचित्र कॅडमधून काढलेलं असतं आणि हजारो पिक्सेल रुंद असतं. ते पडद्यावर पूर्ण आकारात आलं की आधीची पायरी वर जाते, नंतरची खाली जाते, आणि लिहिणारा दोन्हींच्या मध्ये स्क्रोल करत बसतो.

सोपा उपाय प्रेफरन्सेसमध्ये आहे. ऑथर मोडच्या पानावर अमुक पिक्सेलपेक्षा रुंद चित्रं आपोआप लहान करा, असा पर्याय आहे. तो प्रत्येकाच्या पडद्याप्रमाणे लावता येतो. त्याच पानावर फार मोठी चित्रं दाखवायची की नाही, हाही पर्याय आहे. तो सुरू केला आणि प्रकरणात अशी बरीच चित्रं असली तर मेमरी संपते, म्हणून विचार करून सुरू करा.

सीएसएसने करायचं तर विड्थला ठरावीक पिक्सेल आणि हाइटला ऑटो. दोन्हींना आकडे दिले की चित्र ताणलं जातं. लेखकाने एक्सएमएलमध्ये रुंदी दिली असेल तर तिचा मान राखायला हवा. म्हणून विड्थ असलेल्या चित्रांसाठी वेगळा सिलेक्टर करा आणि तिथे अ‍ॅट्र फंक्शनला विड्थ आणि लेंग्थ हे दोन शब्द द्या. डिटात एककाशिवाय लिहिलेला आकडा पिक्सेल समजला जातो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऑथर मोडमध्ये चित्राचा कोपरा धरून ओढलं की ते लहान-मोठं होतं, पण ही सीएसएस नव्हे. तुम्ही ओढता तेव्हा विड्थ-हाइट एक्सएमएलमध्ये लिहिली जाते आणि तिथून थेट पीडीएफमध्ये जाते. केवळ आपल्या पडद्यावर मावावं म्हणून चित्र ओढू नका. लॅपटॉपवर मावण्यासाठी ओढलेलं रेखाचित्र छापील पानावर इतकं बारीक येतं की व्हॉल्व्हचे क्रमांक वाचता येत नाहीत, आणि ते कळतं तेव्हा पुस्तक छापखान्यातून आलेलं असतं.

“सेव्हच्या चिन्हावर क्लिक करा” या वाक्यातलं चिन्ह वेगळ्याच ओळीवर का जातं?

कुणीतरी सगळ्याच चित्रांना डिस्प्ले ब्लॉक दिलेला असतो. डिटात प्लेसमेंट हे अ‍ॅट्रिब्यूट याचसाठी आहे. त्याची किंमत ब्रेक असेल तर चित्र स्वतंत्र, इनलाइन असेल किंवा काहीच दिलेलं नसेल तर ओळीत. ब्लॉक फक्त प्लेसमेंट ब्रेक असलेल्या चित्रांना द्या. डॉकबुकमध्ये हा भेद टॅगांतच आहे: मीडियाऑब्जेक्ट स्वतंत्र, इनलाइनमीडियाऑब्जेक्ट ओळीतलं.

ओळीतल्या चिन्हाची उंची पिक्सेलऐवजी एम या अक्षरांच्या आकारावर ठरणाऱ्या एककात द्या, १.२ एमच्या आसपास. कुणी अक्षरं मोठी केली तर चिन्हही सोबत वाढतं. व्हर्टिकल-अलाइनला मिडल दिलं की ते शब्दांच्या रांगेत बसतं, नाहीतर बेसलाइनवर टेकून ओळ वर उचलतं.

चित्राच्या जागी तुटक्या चित्राची खूण येते. फाइल तर जागेवर आहे!

आधी पत्ता कशाच्या सापेक्ष मोजला जातो ते पाहा. सीएसएसमध्ये थेट यूआरएल फंक्शनने दिलेला पत्ता सीएसएस फाइलच्या जागेपासून मोजला जातो. अ‍ॅट्रमधून आलेला पत्ता एक्सएमएल दस्तऐवजापासून मोजला जातो. म्हणून इशाऱ्याची चिन्हं वगैरे मांडणीची चित्रं सीएसएसशेजारी ठेवायची आणि मजकुरातली चित्रं एक्सएमएलशेजारी. दोन-तीन तुकडे जोडून पत्ता बनवायचा असेल, उदाहरणार्थ सगळी चित्रं एका ठरावीक फोल्डरमध्ये आहेत आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये फक्त नाव आहे, तर ऑक्सी यूआरएल आणि ऑक्सी बेस यूआरआय ही फंक्शन एकत्र वापरा.

मग नावातली अक्षरं. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरातला फरक चालतो, लिनक्स सर्व्हरला नाही. उलटी तिरपी रेघ कधीच नको.

मराठी नावांची एक खास अडचण आहे. ‘दऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. मॅकवरची जुनी एचएफएस प्लस फाइल व्यवस्था नावं सुटी करून जोडीच्या रूपात ठेवत असे. अशा मॅकवरून झिप होऊन आलेली फाइल आणि विंडोजवर टाइप केलेला पत्ता डोळ्यांना एकसारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात. कितीही वेळा पडताळलं तरी नजरेला फरक सापडत नाही. मराठीचा कितीही अभिमान असला तरी चित्रांच्या फाइलींना रोमन अक्षरांत, स्पेसशिवाय नाव द्या. मराठी मथळ्यात हवी, आणि तिथे ती पुरेपूर असू द्या.

डिटात कीरेफ, म्हणजे थेट पत्त्याऐवजी ठरवलेलं नाव (की), वापरत असाल तर एचरेफ रिकामं असतं. खरा पत्ता मॅपमध्ये, म्हणजे पुस्तकातल्या फाइलींची यादी असलेल्या फाइलमध्ये, असतो. डिटा मॅप्स मॅनेजरमध्ये रूट मॅप निवडलेला नसेल तर की सुटत नाही आणि चित्र येत नाही. स्वतःच्या सीएसएसमध्ये फक्त एचरेफवर नियम लिहून मूळ नियम झाकलात, तर रूट मॅप असूनही अशी चित्रं गायब होतात.

फाइल नुकतीच बदलली आणि जुनंच चित्र दिसतंय? एफ५ दाबून दस्तऐवज पुन्हा लोड करा.

एसव्हीजी ब्राउझरमध्ये व्यवस्थित दिसतं, एडिटरमध्ये अक्षरं गायब होतात. का?

ऑक्सिजन एसव्हीजी (रेषा-आकारांच्या वर्णनातून बनणारा चित्रप्रकार) काढण्यासाठी अपाचे बॅटिक ही जावा लायब्ररी वापरतो. बॅटिक एसव्हीजी १.१ चांगलं सांभाळते, पण एसव्हीजीच्या पोटात घातलेलं एचटीएमएल, म्हणजे फॉरेनऑब्जेक्ट, ती रंगवत नाही. ड्रॉ.आयओ या आकृत्या काढण्याच्या साधनातून काढलेल्या आकृत्यांत पेट्यांमधला मजकूर नेमका याच पद्धतीने असतो. आकृतीतल्या पेट्या आणि बाण दिसतात, पण नावं तुटतात किंवा आकृतीखाली हा मजकूर एसव्हीजी नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते.

याला सीएसएसमध्ये औषध नाही. ड्रॉ.आयओमध्ये त्या मजकुराचे वर्ड रॅप आणि फॉरमॅटेड टेक्स्ट हे पर्याय बंद करून एसव्हीजी पुन्हा काढा, म्हणजे अक्षरं खऱ्या एसव्हीजी मजकुरात येतात. लांब ओळी मग हाताने तोडाव्या लागतात.

व्ह्यूबॉक्स आहे पण विड्थ-हाइट नाही, अशा एसव्हीजीला सीएसएसमधून रुंदी स्पष्ट सांगा.

चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही, हे लिहितानाच दिसेल असं करता येईल का?

येईल, आणि एडिटरमधल्या सीएसएसचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. दृष्टिहीन वाचकाला चित्राच्या जागी जे ऐकू येतं ते हा मजकूर. डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीचा १.१.१ हा निकष तो अगदी प्राथमिक पातळीवर मागतो. तरी तो राहून जातो, कारण लिहिणाऱ्याला तो दिसतच नाही. पडद्यावर चित्र दिसलं की काम झालं असं वाटतं.

डिटात पर्यायी मजकूर इमेजच्या आत आल्ट या एलिमेंटमध्ये लिहायचा असतो. त्याच नावाचं जुनं अ‍ॅट्रिब्यूट आता मागे पडलं आहे. तेव्हा आल्टला डिस्प्ले ब्लॉक, थोडी लहान अक्षरं आणि राखाडी रंग द्या, आणि त्याच्या बिफोरमध्ये “ऐकू येईल :” असे शब्द टाका. आता प्रत्येक चित्राखाली तो मजकूर वाचता येतो, आणि “चित्र १” किंवा फाइलचंच नाव लिहून वेळ मारून नेली असेल तर ते लगेच खटकतं.

मग उरतात आल्टच नसलेली चित्रं. ऑक्सिजनमध्ये हॅज आणि नॉट हे दोन्ही सिलेक्टर चालतात. ज्या इमेजच्या आत आल्ट नाही, तिच्या आफ्टरमध्ये “पर्यायी मजकूर नाही” हे शब्द लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत टाका. चित्र बिफोरवर असलं तरी आफ्टर मोकळा असतो. केवळ शोभेच्या चित्राला मुद्दाम रिकामं आल्ट ठेवलं असेल तर त्याला लाल करू नका. एम्प्टी हा सिलेक्टर वापरून तिथे फिकट राखाडी “शोभेचं” एवढंच लिहा. निष्काळजीपणा आणि विचारपूर्वक घेतलेला निर्णय यांतला फरक पडद्यावर दिसला पाहिजे.

अटी अधिक गुंतागुंतीच्या असतील, उदाहरणार्थ मजकूर फार लांब झाला तर इशारा द्यायचा, तर ऑक्सी एक्सपाथ फंक्शनमध्ये ती अट लिहिता येते. मात्र ते प्रत्येक चित्रासाठी चालतं, त्यामुळे मोठ्या फाइलमध्ये टाइप करताना अडखळल्यासारखं वाटू शकतं.

सीएसएसमध्ये मराठी शब्द टाकले की चौकोन किंवा कचरा दिसतो. काय करू?

कचरा म्हणजे एन्कोडिंग चुकलं. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि अगदी पहिल्या ओळीत अ‍ॅट-कॅरसेट लिहा, त्याच्या आधी टिप्पणीसुद्धा नको. चौकोन म्हणजे त्या फाँटमध्ये देवनागरी नाही. फाँट-फॅमिलीत नोटो सॅन्स देवनागरी किंवा विंडोजवरचा निर्मला यूआय यांचं नाव द्या.

मथळ्यांच्या ओळीची उंची १.५ च्या खाली नेऊ नका. इंग्रजीसाठी बेतलेल्या उंचीत रफार आणि उकार कापले जातात.

“आकृती” हा शब्द आणि क्रमांक काउंटरने आणता येतात: टॉपिकवर काउंटर-रीसेट, फिग या आकृतीच्या टॅगवर काउंटर-इन्क्रिमेंट, शीर्षकाच्या बिफोरमध्ये शब्द आणि काउंटर. ब्राउझरसाठीच्या सीएसएसमध्ये देवनागरी नावाची अंकशैलीही आहे. पण एडिटरमधला क्रमांक त्या फाइलपुरताच असतो. पूर्ण पुस्तकातली आकृती १७ इथे आकृती २ असू शकते, म्हणून मजकुरात “आकृती २ पाहा” असं हाताने लिहू नका, संदर्भ जोडा.

मुद्रितशोधन करताना चित्रं तात्पुरती लपवता येतील का?

हो. वेगळी लहान सीएसएस करा, तिच्यात कंटेंटला अ‍ॅट्र द्या पण यूआरएल हा शब्द देऊ नका. चित्राऐवजी फाइलचं नाव दिसेल. ही फाइल पर्यायी शैली म्हणून जोडली की टूलबारवरच्या स्टाइल्स यादीतून ती हवी तेव्हा लावता-काढता येते. चित्र पूर्ण नाहीसं करण्यापेक्षा नाव दिसलेलं बरं, कारण मग मुद्रितशोधन करताना कुणी चित्र चुकून पुसत नाही.

एडिटरमध्ये दिसतं तसंच पीडीएफमध्ये येईल ना?

नाही. पीडीएफ आणि वेबपानं डिटा ओपन टूलकिटसारख्या वेगळ्या प्रक्रियेतून बनतात आणि त्यांची मांडणी वेगळ्या फाइलींत असते. ऑथर मोडच्या सीएसएसमधलं तिथे काहीच जात नाही. जातं ते एक्सएमएलमध्ये लिहिलेलं: विड्थ, स्केल, प्लेसमेंट, अलाइन आणि पानाच्या रुंदीत बसवण्यासाठी असलेलं स्केलफिट.

म्हणून काही बदलण्याआधी एक प्रश्न विचारा: हे मला लिहायला सोपं जावं म्हणून हवंय की वाचणाऱ्याला? माझ्यासाठी असेल तर सीएसएस, वाचणाऱ्यासाठी असेल तर एक्सएमएल किंवा छपाईची मांडणी.

अख्ख्या टीमला एकच मांडणी कशी द्यायची?

एक्स्टेंड केलेलं फ्रेमवर्क, म्हणजे वर सांगितलेला डॉक्युमेंट टाइप, एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर मजकुरासोबतच गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्था) टाका. प्रेफरन्सेसमध्ये डॉक्युमेंट टाइप असोसिएशनच्या खाली लोकेशन्स हे पान आहे, तिथे त्या फोल्डरचा पत्ता जोडा. हे पान ग्लोबलऐवजी प्रोजेक्ट ऑप्शन्सवर ठेवलं की पत्ता प्रोजेक्ट फाइलमध्ये साठतो, आणि प्रोजेक्ट उघडणाऱ्या प्रत्येकाला तीच मांडणी मिळते. पत्ता देताना स्वतःच्या सी ड्राइव्हचा पूर्ण मार्ग लिहू नका. प्रोजेक्टच्या फोल्डरसाठी एडिटरचा स्वतःचा व्हेरिएबल आहे, त्यापासून सुरुवात करा. तो न वापरता जोडलेलं फ्रेमवर्क फक्त जोडणाऱ्याच्याच मशीनवर चालतं.